शुक्रवारी पाहिलेलं घर

अहो, घर घेतलं.

तुम्ही नाही आहात म्हणून घेता आलं, हे आधीच सांगून टाकते. कडू लागेल, लागू दे. तुम्ही असता तर आजही आपण त्याच भाड्याच्या माडीवर बसून दुसऱ्यांच्या घरांच्या गोष्टी करत असतो. मी चहा गाळताना विचारलं असतं, "आपलं काय?" आणि तुम्ही म्हणाला असतात, "पाहू ना, घाई काय आहे." घाई काय आहे! सगळ्या जन्मात तुम्ही एकच गोष्ट घाईने केलीत, आणि तेव्हा मला विचारलंही नाहीत.

तुम्ही गेलात आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेल्या माणसाकडे एवढी माणसं येतील असं स्नेहललाही वाटलं नव्हतं. इंदूरहून आलेली लेक सतरंज्या घालून घालून दमली. येणारा प्रत्येक जण तुमच्या स्वभावाबद्दल दोन वाक्यं बोलायचा आणि लगेच स्वतःच्या घरावर यायचा. "काकू, आमचं राजपुऱ्यातलं घर बाबूजींनीच पास केलं होतं." "भाभी, ते नसते तर मी त्या प्लॉटमध्ये पार बुडालो असतो." "मामी, त्यांनी आमच्या न्हाणीत गोटी टाकून उतार पाहिला होता, आठवतं का?" मला आठवत होतं. खिशात काचेची गोटी घेऊन फिरणारा पिकल्या केसांचा माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात एकच होता. अर्ध्या गावाला तुम्ही घर घेऊन दिलंत, आणि त्या अर्ध्या गावाला मी भाड्याच्या खोलीत पाणी देत होते. तुमचा फोटो खुर्चीवर ठेवलेला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण तेव्हा माझ्या जिभेवर होती, पण सुतकात कोण बोलतं? "हो ना, हो ना" करत राहिले.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. जिवंतपणी तुम्ही बोलू दिलं नाहीत.

चांगलंही बोलते, नाहीतर वरून म्हणाल, ही नेहमीचीच. माझ्या भावाचं घ्या. अशोक फोपनारहून आला होता, शहरात जागा घ्यायची म्हणून. केळीचा बाग मोडून कुणी प्लॉट पाडले होते. चुन्याच्या रेघा, रंगीत झेंडे, आणि आत जायला एक मोठी कमान. अशोक त्या कमानीवरच भाळला होता. तुम्ही खाली बसलात, सायकलच्या किल्लीने मुरूम उकरलात आणि खालची काळी माती मुठीत घेतलीत. "ही माती पाणी पिऊन फुगते अशोक, आणि उन्हाळ्यात तोंड वासते. वर मुरमाची चादर टाकली म्हणून भुलू नको. इथे बांधायचं तर पाया कसा घ्यायचा ते आधी शिकून ये." मग विकणाऱ्या पोराकडे वळून विचारलंत, "शेतीची जमीन आहे. घरं बांधायच्या परवानगीचा, डायव्हर्शनचा कागद कुठे आहे?" तो म्हणाला, "अंकल, वो सब प्रोसेस में है, हो जाएगा." तुम्ही हात झटकलेत आणि म्हणालात, "प्रोसेसमध्ये राहता नाही येत भाऊ."

अशोक तेव्हा तुमच्यावर आठवडाभर रुसला होता. पुढे ज्यांनी तिथे घरं बांधली त्यांना ना नळ मिळाला ना रस्ता, आणि भिंतींना भेगा पडल्या त्या वेगळ्याच. आता अशोक तुमचं नाव काढलं की कानाला हात लावतो.

मला सोबत न्यायचात तेव्हा मी लाजेने अर्धी व्हायचे. कुठल्याही घरात गेलात की आधी पाणी मागायचात. भर थंडीत. एक बाई मला हळूच म्हणाली होती, "तुमच्या साहेबांची शुगर तपासली का?" तिला काय सांगणार की ह्यांना तहान नाही, पाणी कुठून येतं, किती वाजता येतं आणि खारं लागतं का ते पाहून राह्यले. मग शेजारच्या दारात जाऊन कढीपत्त्याच्या दोन काड्या मागायच्या, म्हणजे शेजारी कसे ते कळतं. ते काम माझ्याकडे. आपल्या फ्रिजमध्ये अख्ख्या गावाचा कढीपत्ता असायचा. गल्लीचं तोंड तुम्ही दोन्ही हात पसरून मोजायचात आणि म्हणायचात, "रुग्णवाहिका आत आली पाहिजे. नाही आली तर घर सोन्याचं असो, नाही घ्यायचं." आणि सगळं झाल्यावर मधल्या खोलीत डोळे मिटून उभे राहायचात. बराच वेळ. घरवाले गप्प, मी गप्प. मला वाटायचं, हे नाटक आहे. थोडा भाव खाताय.

आणि ती तुमची शेवटची अट: "एक घर दोन वेगवेगळ्या वारी पाहायचं. एकदा उन्हात, एकदा पावसात."

ह्या अटीने माझा जन्म खाल्ला हो. दुसऱ्यांना तुम्ही दोन वारांवर सोडायचात, आपल्याला मात्र दोन ऋतू, कधी कधी दोन वर्षं. लालबागकडचं पहिलं घर उन्हात पाहिलं, पाऊस येईपर्यंत विकलं गेलं. सिंधीपुऱ्यातलं पावसात पाहिलं, तुम्हाला छत गळेल असं वाटलं. गळत नव्हतं, तुम्हाला वाटलं. एकाचं दार दक्षिणेला, त्यावर तुम्ही म्हणालात की मी नाही मानत, पण उद्या विकायला काढलं तर घेणारा मानेल ना. एकाच्या मालकीत तीन भाऊ, त्यातला एक सुरतेला, त्याची सही कधी येणार. हे तुमचं बरोबर होतं, कबूल. एकाची भिंत सामायिक. एकाचा शेजारी फार गोड बोलतो! फार गोड बोलतो म्हणून घर सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, आणि आपल्या घराला त्याहून एक जास्त, ते म्हणजे तुम्ही.

पण पेरूचं झाड असलेल्या घराचं मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही. तुम्हालाही ते माहीत होतं.

ते घर आठवतंय ना? बैठं, मागे छोटं अंगण, अंगणात पेरू. मालकीण एकटी होती, मुलाकडे चालली होती. कागद स्वच्छ, पाणी गोड, गल्ली रुंद, गोटी सरळ मोरीकडे गेली. शेजारणीने कढीपत्ता दिला आणि वर लिंबंही दिली. तुम्ही डोळे मिटून उभे राहिलात, उघडलेत आणि थेट चपला घातल्यात. घरी येताना रिक्षात मी विचारलं, "मग?"

"काही दोष नाही सापडत," तुम्ही म्हणालात.

"मग चांगलंच आहे ना!"

"ज्या घरात दोष दिसत नाही ना शैला, त्याचा दोष मोठा असतो. एकदा पावसात पाहू."

आणि महिनाभरात तुमच्या कॉलेजातल्या त्या नव्या प्राध्यापकाला तुम्ही तेच घर दाखवलंत. स्वतः घेऊन गेलात. त्याला म्हणालात, डोळे मिटून घे. तो आणि त्याची बायको पेढे घेऊन आपल्याच दारात आली, आणि ती मुलगी मला म्हणाली, "काकू, पेरू लागले की आणून देईन." मी पेढा हातात धरून उभी. ती गेल्यावर आपलं जे भांडण झालं तसं पुन्हा झालं नाही. त्याला पास, आम्हाला नापास, असं का? मी तीनदा विचारलं. तुम्ही चष्मा पुसत राहिलात. मग म्हणालात, "त्याची चूक झाली तर तो निस्तरेल. आपली झाली तर तुला निस्तरावी लागेल." एवढंच. मी म्हटलं, निस्तरेन की, मी काय काचेची आहे? तुम्ही उठून गच्चीवर गेलात. ते भांडण तिथेच राहिलं. अजून तिथेच आहे.

मला कारण माहीत नव्हतं असं नाही. सासूबाईंनी सांगितलं होतं, तुम्ही कधी नाही. मामंजींनी चुलतभावाकडून घर घेतलं होतं, घरातल्या घरात, स्टॅम्पपेपरवर दोन ओळी लिहून. रजिस्ट्री कशाला, भाऊ आहे, म्हणाले. भाऊ गेला आणि त्याच्या मुलांनी ऐन पावसात तुम्हा सगळ्यांना भांड्यांसकट रस्त्यावर काढलं. तुम्ही डोक्यावर पाटा घेऊन मामाच्या घरापर्यंत चालत गेला होतात, शाळेचे सगळे पोरं बघत होते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे मला समजत होतं हो. पण तुम्ही फुंकतच राहिलात. ताक प्यायलाच नाहीत, आणि मलाही तहानलेलं ठेवलंत.

आता मला सगळ्यात जास्त कशाचा राग येतो ते सांगते. इतकी घरं पाहिलीत, पण ज्या घरात आपण पंचवीस वर्षांवर राहिलो ते तुम्ही कधी पाहिलंच नाहीत. ते तात्पुरतं होतं ना! तात्पुरत्याला कोण तपासतं? त्याची गल्ली तुम्ही हात पसरून मोजली नाहीत. जिना पाहिला नाहीत. स्नेहल त्या जिन्यावर चालायला शिकली आणि त्याच जिन्यावरून नोकरीला गेली, तरी ते तात्पुरतंच.

त्या सकाळी तुम्ही न्हाणीच्या दारात बसलात ते उठलाच नाहीत. रुग्णवाहिका आली आणि गल्लीच्या तोंडाशी थांबली, कारण आत येईना. स्ट्रेचर जिन्यात वळेना. खालच्या दुकानातल्या चौघांनी तुम्हाला आपल्या जेवणाच्या खुर्चीत बसवून उतरवलं, एकेक पायरी, आणि मी मागून साडी सावरत. तुमचा चेहरा राखेसारखा झाला होता, घाम गळत होता, आणि तुम्ही त्या पोरांना काय सांगत होतात? "खालून तिसरी पायरी फुटकी आहे रे बाबा. सांभाळून." तुम्हाला माहीत होतं! पायरी फुटकी आहे हे तुम्हाला माहीत होतं. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. ते तसं सगळ्यांनाच म्हणत असतील. पण मी त्या गल्लीत एकटी परत आले तेव्हा दोन्ही हात पसरून पाहिलं. माझे हात पुरते पसरलेही नाहीत, दोन्हीकडे भिंत लागली.

मग फोटोचं झालं. स्नेहलने तुमचा फोटो मोठा करून आणला, कॉलेजच्या निरोप समारंभातला. लावायचा कुठे? घरमालकाच्या मुलाला विचारायला गेले, एक खिळा ठोकू का म्हणून. तो वाईट नाही हो पोरगा, खाली मान घालून म्हणाला, "आंटी, कील मत ठोको, अभी तो पुट्टी करवाई है. और... बोलना ही था, घर में शादी है, ऊपर का मकान हमको लगेगा." मी वर आले. तुमचा फोटो पुन्हा खुर्चीवर ठेवला, त्याच खुर्चीवर जिच्यात बसवून तुम्हाला खाली नेलं. आणि फोटोला म्हटलं, आता काय म्हणता? घाई काय आहे?

त्या दिवशी ठरवलं. तुम्हाला टांगायला मला स्वतःची एक भिंत पाहिजे.

तुमचे भाऊ लगेच आले. "वहिनी, वर्ष नाही झालं अजून. वर्षाच्या आत घर कसं घेता? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "वर्षभर थांबते भावजी, पण कुठे? स्टेशनवर?" ते चहा न पिता गेले. स्नेहल फोनवर म्हणाली, "आई, इंदूरला ये ना. तू अकेली क्या करेगी वहाँ?" मी म्हटलं, लेकीकडे पाहुणी म्हणून येईन. माझी शाळेतली नोकरी इथे झाली, माझ्या हाताखाली शिकलेली पोरं इथे दुकानं चालवतात, भाजीवाली मला बाई म्हणते. मी कुठे जाऊ?

तुम्हाला वाटत असेल मी कमानी बघून भुलले असेन. नाही. तुमची गोटी पदराच्या टोकाला बांधली आणि निघाले. माडी असली की खालूनच परत. दोन्ही हात पसरून गल्ली मोजली की लोक हसायचे, हसू दे. तीन घरं अशी बाद केली. चौथं हे. रिटायर झालेलं जोडपं, भोपाळला मुलाकडे निघालेलं. बाई फोनवर म्हणाल्या, "शुक्रवारी या ना ताई, आम्ही निवांत असतो." गेले. बैठं घर, तीन खोल्या. गाडी थेट दारापर्यंत येते, हे आधी पाहिलं. पाणी प्यायले, गोड आहे. गोटी मोरीकडे गेली. शेजारच्या शबाना भाभींकडे कढीपत्ता मागितला, त्यांनी फांदीच तोडून दिली. आणि मग, हसू नका, मधल्या खोलीत डोळे मिटून उभी राहिले. इतकं शांत होतं. दूर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, बस. तुमच्या जाण्यानंतर मला पहिल्यांदा बरं वाटलं.

कागदांचं सांगू? ऐका, तुमचीच विद्यार्थिनी आहे. वकील केला. आधीच्या सगळ्या मालकांची साखळी पाहिली, कर्जाचा बोजा नाही ते पाहिलं, मुलांच्या संमतीच्या सह्या घेतल्या, नगर निगमची पावती कुणाच्या नावावर आहे ते पाहिलं. रजिस्ट्री झाल्याबरोबर तिथे माझं नाव चढवायला नामांतरणाचा अर्ज दिला. वकीलसाहेब म्हणाले, "मॅडम, आपने तो सब पहले से पता करके रखा है." मी म्हटलं, आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेले होते, शब्द द्यायला. किल्ली मिळाली तीही शुक्रवारी. वार देवीचा, म्हणून दूधही त्याच दिवशी उतू घातलं. वर्षाच्या आत वास्तुशांत नाही, पण दुधाला कोण अडवणार? स्नेहल आली होती. ओट्यावर दूध उतू गेलं, आम्ही दोघी रडलो. मग मी हातोडी घेतली आणि मधल्या खोलीत, मागच्या भिंतीवर, कुणालाही न विचारता खिळा ठोकला. असा ठोकला की बोट सुजलं. तुम्हाला टांगलं. लांबून पाहिलं. सरळ होतात, गंभीर होतात. नेहमीसारखे.

शनिवारी सकाळी सातला भूकंप झाला.

मला खरंच तसं वाटलं. फळीवरचे डबे वाजायला लागले, ओट्यावरची वाटी सरकायला लागली, आणि मागच्या भिंतीतून खटखट खटखट खटखट, थांबतच नाही. स्नेहल अंथरुणातून ओरडली, "आई, ये क्या है?" मी पदर खोचून बाहेर धावले. शबाना भाभी दारात भांडी घासत होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"भाभी," त्या हळूच म्हणाल्या, "मकान जुम्मे को देखा था क्या?"

"हो."

"दोनों बार?"

"दोन्ही वेळा. का?"

त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग त्यांना हसूच आवरेना. "या अल्ला! इस गली के मकान सब जुम्मे को ही दिखाते हैं. पीछे हमारे जेठ का कारखाना है ना, पॉवरलूम. उसका दरवाज़ा उधर की गली में खुलता है, इधर से दिखता नहीं. जुम्मे को छुट्टी रहती है."

माग! अहो, हे मागांचं गाव. शेंबड्या पोराला माहीत असतं की शुक्रवारी माग बंद असतात. मी फोपनारची, लग्न होऊन आले ती लालबागला स्टेशनजवळ राहिले, मला गाड्यांची सवय, मागांची नाही. पण एवढी का मी बावळट? भोपाळला फोन लावला आणि त्या बाईंना चांगलं फैलावर घेतलं. त्या सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाल्या, "ताई, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल. बुऱ्हाणपूरच्याच ना तुम्ही? आणि खरं सांगू, आम्हालाही शुक्रवारीच दाखवलं होतं."

फोन ठेवला आणि तुमच्यावर जो राग आला, विचारू नका. एक घर दोन वेगवेगळ्या वारी पाहायचं. सगळ्या अटी पाळल्या, तेवढी एक मुद्दाम सोडली. पाणी पाळलं, गल्ली पाळली, कागद पाळला. दोन वारांची अट सोडली, कारण त्या अटीनेच पेरूचं झाड गेलं होतं. तुमच्या शहाणपणातला हा एक दाणा मी रागाने फेकला आणि नेमका तोच दाताखाली यायचा होता! आणि मधल्या खोलीत डोळे मिटून तुम्ही काय करायचात ते मला त्या शनिवारी कळलं. ऐकायचात. इतकी वर्षं मी शेजारी उभी होते, एकदा तरी सांगितलं असतंत! "शैला, मी ऐकून राह्यलो," एवढं वाक्य बोलायला काय झालं होतं? सगळ्या गावाला शिकवलंत, आणि मला फक्त कढीपत्ता मागायला लावलंत.

दिवसभर मी त्या भिंतीशी भांडले. खरं म्हणजे तुमच्याशी. म्हटलं, चुका टाळा, चुका टाळा, करता करता घरच टाळलंत. तुम्ही एक चूक केली असती आपण दोघं असताना, तर आज मी ती एकटीने केली नसती. निस्तरली असती हो दोघांनी मिळून. त्या पेरूच्या घरात समजा पाणी आलं असतं पावसात, तर आलं असतं. दोघं मिळून बादल्यांनी काढलं असतं. हसलो असतो नंतर. खालून तिसरी पायरी तर नसती ना तिथे.

संध्याकाळी शबाना भाभी शेवया घेऊन आल्या. म्हणाल्या, "जेठजी से बोल दिया है, रात को दस के बाद नहीं चलाएँगे. बाकी आदत हो जाती है." मी म्हटलं, पदरी पडलं, पवित्र झालं. त्यांना म्हण कळली नाही, मी समजावून सांगितली, तर म्हणाल्या हे नवऱ्यालाही लागू होतं. तुम्हाला आवडल्या असत्या. फार गोड बोलतात, म्हणून आधी संशय घेतला असतात, मग आवडल्या असत्या.

पण एक गंमत राहिली सांगायची. ज्या भिंतीवर मी तुम्हाला टांगलं, तीच मागवाल्यांची भिंत. सकाळी सातला माग सुरू झाले की तुमचा फोटो हलतो. थोडासाच. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. अगदी तसाच, जशी तुम्ही आपल्यासाठी पाहिलेल्या घरातून बाहेर पडताना मान हलवायचात. नाही. हे नाही. मी पोळ्या लाटते आणि समोर तुम्ही दिवसभर घर नापास करत बसता. स्नेहलने पाहिलं तेव्हा आधी खूप हसली, मग तिने भिंतीला हात लावून पाहिला. म्हणाली, "आई, पापांना पुढच्या भिंतीवर लाव ना. तिथे कंपन नाही." मी म्हटलं, राहू दे. खिळा ठोकून झालाय.

मी उत्तरं देते तुम्हाला. तुम्ही मान हलवता, मी म्हणते, पाणी गोड आहे. तुम्ही हलवता, मी म्हणते, गाडी दारापर्यंत येते, पायरी एकच आहे आणि ती फुटकी नाही. तुम्ही हलवता, मी म्हणते, रजिस्ट्री माझ्या नावावर आहे, आता मला कुणी पाटा डोक्यावर देऊन बाहेर काढणार नाही. तरी तुमची मान हलतच असते. गच्चीवर निघून जायला आता गच्ची नाही, ऐकावं लागतं. संध्याकाळपर्यंत फोटो एका बाजूला कलतो. दिवा लावायच्या आधी मी तो सरळ करते आणि म्हणते, आता बस, उद्या बोलू.

काल शुक्रवार होता. माग बंद. त्या पहिल्या दिवसासारखंच शांत होतं, दूर कुठेतरी कुकरची शिट्टी वाजली. तुम्ही भिंतीवर सरळ, स्थिर. दिवसभरात एकदाही नाही म्हणाला नाहीत.

मला अजिबात करमलं नाही.